चुली मोजणारा

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी तिकडे कॉम्प्युटरवर नकाशा उघडून माझी गल्ली शोधलीत आणि विचारलंत, "आजी, इथे तर सरळ रस्ता दिसतोय. तुझी वाकडी गल्ली कुठे गेली?" मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर मला ते नीट सांगता आलं नसतं. राग आला की मी मधूनच इंग्रजीत बोलायला लागते, आणि हे सगळं मराठीतच घडलेलं आहे.

गल्ली कुठे गेली हे सांगायचं, तर विश्वंभर मुळे या माणसाबद्दल सांगावं लागेल. आमच्या नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात तो अभियंता होता. समोर असताना मी त्याला नेहमी 'मुळे साहेब' म्हटलं. इथे 'तो' म्हणणार आहे. एवढी मोकळीक मी घेते.

तो लाचखाऊ नव्हता, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे तुम्ही त्याची वाट पाहत बसणार नाही. कुणाकडून त्याने काही घेतलं असं मी कधी ऐकलं नाही. घेतलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. लाच खाणाऱ्याला निदान समोरच्याला काय हवंय ते ऐकून तरी घ्यावं लागतं.

उंच, सडपातळ माणूस. भर मे महिन्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला सायीच्या रंगाचा शर्ट. खिशात लाल पेन, हिरवं पेन आणि एक पेन्सिल. लाल पाडायच्या घरासाठी, हिरवं राहणाऱ्या घरासाठी, आणि ज्याचं अजून ठरायचं आहे त्याच्यासाठी पेन्सिल. कमरेला चामड्याच्या पिशवीत पोलादी टेप. माप घेऊन झालं की टेप सर्रकन आत जायची आणि खट्ट असा आवाज व्हायचा. त्या आवाजाने त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान यायचं. दुसऱ्या कशाने आलेलं मी पाहिलं नाही.

टेपचं दुसरं टोक शेख चाचा धरत. ते नगरपरिषदेचे जुने शिपाई, निवृत्तीला आलेले, दोन्ही गुडघे दुखणारे. घराच्या आतलं माप घ्यायचं असेल तर चाचा आत जात. मुळे उंबऱ्याबाहेर उभा राहून आकडे ऐकायचा आणि लिहायचा. कुणाच्याही घरात तो पाऊल टाकत नसे. चहा घेत नसे, पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं पीत असे.

"मॅडम, घरात पाय ठेवला की माप चुकतं," तो मला म्हणाला होता. "आत म्हातारी खोकताना दिसते, पाळणा दिसतो. मग दहा फुटांचे साडेदहा होतात."

मला तेव्हा हे फार आवडलं होतं. मी आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं आणि इंग्रजीपेक्षा जास्त, समास सोडून लिहायला शिकवलं. हा माणूस समास सोडून लिहीत होता. त्याचे सात आणि एक कधी एकमेकांत मिसळत नसत. सर्व्हेसाठी त्याला बसायला जागा हवी होती, तेव्हा मी आपणहून माझा व्हरांडा दिला, टेबल दिलं, आणि उन्हं येऊ नयेत म्हणून चिकाचा पडदासुद्धा सोडून दिला. हेही तुम्हाला माहीत असावं.

वस्ती माझ्या घरासमोरूनच सुरू व्हायची. गावाच्या जुन्या वेशीमागे होती म्हणून वेशीमागची वस्ती. ती सुंदर होती असं मी म्हणणार नाही. पत्र्याची घरं, मातीच्या भिंती, उघडी गटारं. पावसाळ्यात चार-सहा घरांत गटाराचं पाणी शिरायचंच. पाडून नवी बांधायची, सरळ रस्ता काढायचा, तीन इमारती उभ्या करायच्या आणि प्रत्येक कुटुंबाला एक गाळा द्यायचा, असं नगरपरिषदेने ठरवलं, तेव्हा सगळ्यांत आधी मान डोलावणाऱ्यांत मी होते. माझं घर रेषेच्या अलीकडे होतं. माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर त्याने हिरवी खूण केली.

माझ्या समोरच्या घरात द्वारकाबाई राहत. पुसेगावची लेक, लग्न होऊन इथे आलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तीन मुलगे, तीन सुना, पाच नातवंडं, असं ते घर. ओटा दिवसातून दोनदा सारवायच्या, आणि शेजारणीच्या ओट्याकडे बघून तोंड वाकडं करायच्या. मला त्या 'बाई' म्हणत, कारण गल्लीतल्या सगळ्या मुलींची मी बाई होते.

सर्व्हेच्या पहिल्या दिवशी मुळेने गल्लीच्या तोंडाशी पाटी ठोकली. कागदोपत्री अशा वस्तीला जे म्हणतात तेच तिच्यावर होतं: 'गलिच्छ वस्ती'. द्वारकाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी सुनेकडून वाचून घेतलं आणि हातातला शेणाचा गोळा तसाच घेऊन माझ्या व्हरांड्यात आल्या.

"गलिच्छ कुणाला म्हणून राहिले सायब तुमी?"

"बाई, तुम्हाला नाही," मुळे मान वर न करता म्हणाला. "सर्व्हे नंबरला."

"सर्व्हे नंबर ओटा सारवतो का?"

चाचा तोंडावर रुमाल धरून हसले. मुळे हसला नाही. त्याला विनोद कळत नव्हता असं नाही. त्याचा रकाना नव्हता, एवढंच.

मग आडाचं प्रकरण झालं. वस्तीच्या मधोमध एक आड होता. नळाला चार-चार दिवस पाणी नसलं की सगळी गल्ली त्याच्यावर. मुळेकडे निजामाच्या काळातल्या नकाशाची नक्कल होती, तिच्यात तो आड नव्हता, आणि नवा रस्ता बरोबर आडावरून जात होता. द्वारकाबाईंनी हे दाखवून दिलं तर तो म्हणाला, "आड नकाशात नाही."

त्या गेल्या, आडातून एक बादली शेंदून आणली आणि त्याच्या टेबलापुढे माझ्या फरशीवर ओतली. "मंग हे काय हाय? नकाशात न्हाई ते पायाला लागून राहिलं की!"

त्याने आधी नकाशा उचलला, मग पाय. मी फरशी पुसून घेतली. मनातून मला बरं वाटलं होतं, पण चेहरा मी शाळेतला ठेवला. दुसऱ्या दिवशी बघते तर नकाशावर पेन्सिलने एक छोटं सुबक वर्तुळ काढलेलं. मला वाटलं, ऐकलं बाई या माणसाने. चष्मा लावून वाकून पाहिलं. वर्तुळाखाली लाल पेनाने लिहिलं होतं, 'बुजवणे'.

इथेच मला तो कळायला हवा होता.

आता चुलींचं सांगते. वस्तीतल्या अर्ध्या लोकांकडे धड कागदपत्रं नव्हती. म्हणून नगरपरिषदेने ठराव केला होता की वेगळी चूल असेल ते वेगळं कुटुंब धरायचं, आणि एका कुटुंबाला एक गाळा. ठराव फलकावर लावला होता, काचेच्या आत, दुसऱ्या एका नोटिशीखाली अर्धा झाकलेला. मी तो वाचला नव्हता. लिहायला बसण्याआधी प्रश्नपत्रिका पूर्ण वाचा, असं मुलींना बजावत आलेली मी.

द्वारकाबाईंच्या घरी मुळे आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. पंच म्हणून मी सोबत होते. मोहल्ल्यातलं शिकलेलं माणूस हवं होतं त्याला. घरात गॅस होता, पण भाकरी आणि कालवण चुलीवरच व्हायचं, सगळ्यांचं एकत्र. थोरली भाकरी थापत होती, धाकटी शेकत होती, मधली सुनीता पाटा धुवत होती.

"चुली किती?" मुळेने उंबऱ्याबाहेरून विचारलं.

"एक," द्वारकाबाई म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की म्हंजी? तीन सुना हायेत माझ्या अन् चूल एक. या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या घरी दाखवा बरं असं! मी जित्ती हाय तवर एकच ऱ्हाईल."

चाचा टेपचं टोक धरून आत उभे होते. ते खोकले. "बाई, जरा सोच के बोलो. बराबर सांगा."

"सोचायचं काय त्याच्यात, चाचा? किती येळा जेवलात तुमी हितं! दुसरी चूल दिसली का कधी?"

"चाचा," मुळे म्हणाला, "टेप धरा."

चाचांनी टेप धरली. मुळेने आकडा लिहिला. सुंदर, सरळ एक. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बरोबर ना मॅडम?"

मी म्हटलं, "अगदी बरोबर." आणि सही केली. खाली तारीखही घातली. मला द्वारकाबाईंचा अभिमान वाटला होता. तीन मुलांचा संसार एका चुलीवर सांभाळणं सोपं नव्हतं, आणि सरकारी कागदावर त्याची नोंद होते आहे असं मला त्या क्षणी खरंच वाटलं.

महिनाभराने यादी लागली. द्वारकाबाईंना एक गाळा. एक खोली आणि स्वयंपाकाची जागा, माणसं बारा. त्यांच्या पलीकडच्या घरातल्या दोन भावांनी सर्व्हेच्या आदल्या दिवशी परसात तीन विटा मांडल्या होत्या. त्यांना दोन गाळे.

मी त्याच दिवशी नगरपरिषदेत गेले. मुळे फायलींना दोरा बांधत होता. मी विचारलं, "चुली कशासाठी मोजताय ते तुम्ही लोकांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं तर उत्तर बदलतं, मॅडम."

"शेजाऱ्यांच्या विटा तुम्हाला दिसल्या नाहीत?"

"मी विचारलं, त्यांनी दोन सांगितल्या. मी दोन लिहिल्या. द्वारकाबाईंनी एक सांगितली. मी खोटं काय लिहिलं?"

तो पुन्हा दोरा बांधायला लागला आणि म्हणाला, "हरकत घ्या. हरकत आली की प्रत्यक्ष तपासणी होते. मुदत आहे."

तपासणी होणार म्हणजे घरात तीन चुली दिसायला हव्या होत्या. सुनीताने ते सासूला सांगितलं, रडत सांगितलं. थोरला मारुती मालवाहू ऑटो चालवायचा, तो कधी आईपुढे तोंड उघडत नसे, पण त्या दिवशी तोही म्हणाला, "माय, बारा जणं एका खोलीत निजणार कसे?" तिसऱ्या दिवशी काळी माती आणि भुसा कालवून द्वारकाबाईंनी स्वतःच्या हाताने दोन चुली घातल्या. वाळल्यावर नव्या चुलींना हळदकुंकू लावलं. मग फळीवरची भांडी खाली काढली आणि तीन ढीग केले. परात हिला, तवा तिला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, खोटं खोटं वाटून राहिले मी. गाळे भेटले की एका जागी आणीन परत."

मी व्हरांड्यात बसून हरकतीचा अर्ज लिहीत होते. 'तिन्ही मुलगे पूर्वीपासून विभक्त आहेत.' माझं अक्षर त्या दिवशीही चांगलंच आलं.

संध्याकाळी मारुती कामावरून आला आणि हातपाय धुऊन नेहमीच्या जागी, आईच्या चुलीपुढे ताट घेऊन बसला. द्वारकाबाई म्हणाल्या, "तुझं ताट तिकडं हाय." पाच पावलांवर त्याची बायको दुसऱ्या चुलीपाशी बसली होती. तो उठला नाही. मग त्याच ओरडल्या, "ऊठ म्हणते ना! सायब कधीबी येऊन राहिला."

साहेब आठ दिवसांनी आला. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा आणि शेवटचं कुणाच्या तरी घराच्या आत पाहिलं. उंबरा ओलांडून तो सरळ स्वयंपाकाच्या जागेत गेला. बूट घालून. सुनीता मागे सरकली. द्वारकाबाई त्याच्या बुटांकडे बघत राहिल्या. त्याने जुन्या चुलीमागच्या भिंतीवर बोट फिरवलं आणि बोट आम्हाला दाखवलं. काळं. मग एका नव्या चुलीमागे फिरवलं. राखाडी. दुसऱ्या चुलीमागे फिरवलं. स्वच्छ.

"चुलीला काजळी नाही," तो म्हणाला.

"सायब, लेकरंबाळं हायेत," द्वारकाबाई म्हणाल्या. "लई तकलीफ होईल. म्या तवा काय सांगितलं ते मला ठाव नव्हतं हो."

त्याने फाईल उघडली, पंचनाम्याची प्रत काढली आणि माझ्यापुढे धरली. "मॅडम, ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"आणि या अर्जातलं अक्षरही तुमचंच."

"हो."

"दोन्हींतलं खरं कोणतं?"

बारा माणसांचं घर माझ्याकडे बघत होतं. खोटं बोलायला मला जमलं असतं. अर्जात जमलं होतं. पण त्याने विचारलेला प्रश्न सोपा होता आणि माझी आयुष्यभराची सवय आड आली. मी म्हटलं, "पहिलं." मग म्हटलं, "पण मुळे साहेब, तुम्हाला माहीत आहे..."

"मला जे माहीत आहे त्याला रकाना नाही," तो म्हणाला. खिशातून रुमाल काढून त्याने काळं बोट पुसलं. सावकाश, नखाच्या कडेपर्यंत. मग बाहेर जाऊन त्याने हरकत फेटाळल्याची नोंद केली. उभ्याने लिहिलं तरी ओळ वाकडी गेली नाही. चाचा मागे राहिले. द्वारकाबाईंना "बाई, माफ करना," एवढंच म्हणाले आणि गुडघा धरून पायऱ्या उतरले. त्यानंतर टेप धरायला ते कधी आले नाहीत. निवृत्तीच्या आधीची सगळी रजा त्यांनी एकदम टाकली.

मला वाटलं होतं, आता निदान चुली पुन्हा एक होतील. आता वेगळं राहून काही मिळायचं नव्हतं. पण तसं झालं नाही. सुनीताला कळलं होतं की आपल्या चवीचं तिखट घालता येतं. धाकटीला कळलं होतं की पाहुण्यांसाठी पहाटे उठावं लागत नाही. मारुतीच्या बायकोने तवा परत द्यायला नकार दिला. भांडणं झाली, अशी की मला माझ्या व्हरांड्यात ऐकू येत. द्वारकाबाई एकेका मुलाकडे महिना-महिना जेवायला लागल्या, आणि जिच्याकडे महिना असेल तिची बाजू घेतात म्हणून बाकीच्या दोघी त्यांच्यावर चिडायला लागल्या. मुळेने जे खोटं म्हणून फेटाळलं होतं, ते पावसाळा संपेपर्यंत खरं झालं.

मी पुन्हा नगरपरिषदेत गेले. म्हटलं, आता या, आता बोट फिरवून बघा. तो म्हणाला, "हरकतींची मुदत संपली, मॅडम." आणि मला बसायला खुर्ची दिली. हा माणूस उद्धट नव्हता. कधीच नव्हता.

मग वस्ती पाडली. आड बुजवला. तुम्ही नकाशात पाहिलात तो सरळ रस्ता झाला. रस्ता चांगला आहे, त्यावर पाणी साचत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. आडाच्या जागेवर मोटारसायकली उभ्या असतात.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते नव्या इमारतीत. द्वारकाबाईंचा गाळा दुसऱ्या मजल्यावर. जिना चढायला मला वेळ लागतो, पण मी आठवड्यातून एकदा जाते. खोलीत साड्यांचे दोन पडदे बांधून तीन भाग केलेत. स्वयंपाकाच्या कट्ट्यावर तीन शेगड्या ओळीने ठेवल्यात, मध्ये पत्र्याचे आडोसे. एकीवर फोडणी पडली की दुसरी म्हणते, माझ्या दुधात ठसका गेला. त्या दिवशी मी जाऊन बसले होते आणि दारात सायीच्या रंगाचा शर्ट दिसला. ताबा दिल्याच्या कागदावर घरटी एक अंगठा किंवा सही घ्यायची राहिली होती. चाचांच्या जागी कुणी आलं नव्हतं. टेपचं टोक दाराच्या चौकटीला अडकवून तो एकटाच माप घेत होता.

"द्वारकाबाई, इथे अंगठा," तो उंबऱ्याबाहेरून म्हणाला.

द्वारकाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता त्यांना उठायला हात द्यावा लागतो. त्या उठल्या नाहीत.

"आत ये," त्या म्हणाल्या. 'सायब' नाही, 'अहो' नाही. "बूट ऱ्हाऊ दे पायात. ये, बोट फिरव."

तो हलला नाही.

"काहून? तवा तर आला होतास. मोज आता चुली."

तिन्ही सुना आपापल्या शेगडीपुढे उभ्या होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मुळेने कट्ट्याकडे पाहिलं. त्याला मोजायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. पण सवय कुठे जाते? त्याचे ओठ हलले. एक. दोन. तीन.

त्याचा हात खिशाकडे गेला. पेनाजवळ थांबला. हातातल्या कागदावर त्याने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, जसा काही तिथे एखादा रकाना राहून गेला असावा. मग कागद उंबऱ्याच्या आत, जमिनीवर ठेवला, त्याच्यावर शाईची डबी ठेवली, आणि म्हणाला, "सवडीने करा. मी खालच्या मजल्यावर आहे."

चौकटीवरून टेपचं टोक सुटलं. खट्ट आवाज झाला. मी मुद्दाम त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण तो तोवर जिन्याकडे वळला होता.